प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजणं थांबवावं का?

नदीकाठ (धागाकर्ता):

पदवी महाविद्यालयात शिकवणाऱ्याच्या स्थाननिश्चितीसाठी (म्हणजे ठरावीक वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीत जाण्यासाठी) आणि बढतीसाठी शोधनिबंध मोजणं पूर्ण थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवतो. ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याला रजा मिळावी, पैसा मिळावा, चांगलं ग्रंथालय मिळावं. पण फायलीला जोडायला हवा म्हणून लिहिलेल्या निबंधाने फक्त फाईल जाड होते.

2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय गुण (शिक्षकाचं काम आणि संशोधन आकड्यांत मोजणारे) आणले, आणि पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नियतकालिकाच्या एकाच अंकात काँक्रीटमधली फ्लाय ॲश, बचत गटातल्या महिला, बी.एड.च्या विद्यार्थ्यांची अभिवृत्ती आणि संतसाहित्य. आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी) क्रमांक आहे, कुठल्याशा संस्थेने बहाल केलेला इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे दाखले किती दिले जातात त्याचा आकडा) आहे, पैसे भरले की आठवड्याभरात स्वीकृतीचं पत्र येतं. हे चारही विषय ज्याला कळतात असा संपादक कुठून आणणार? निबंध कुणी वाचलेलाच नसतो.

आकडे बघा. शेन आणि ब्यर्क या दोन अभ्यासकांनी 2015 मध्ये अंदाज मांडला: अशा फसव्या नियतकालिकांत 2010 साली सुमारे 53,000 लेख छापले गेले होते, 2014 मध्ये सुमारे 4 लाख 20 हजार. त्यांनी तपासलेल्या नमुन्यात सुमारे 35 टक्के लेखक भारतातले. 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची तपासणी 'करंट सायन्स'मध्ये छापली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली 1,009 नियतकालिकं त्यांनी पाहिली, त्यातली 88 टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. कित्येकांचा धड पत्ता नव्हता, संपादकांची माहिती नव्हती. आणि ही शिफारस करणारी आपलीच विद्यापीठं!

पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे, ही अट आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीत काढून टाकली. मग नोकरीतल्या शिक्षकालाच का जुंपून ठेवलंय?

तासिका:

सर, तुम्ही कायम आहात, म्हणून तुम्हाला ही अट जाच वाटते. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, समाजशास्त्र शिकवते. माझ्यासाठी हे निबंध काय आहेत ते सांगते.

आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीचा तक्ता आहे. पीएच.डी.ला 25 गुण, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला 8, सेट या राज्यपातळीवरच्या परीक्षेला 5, आणि प्रत्येक शोधनिबंधाला 2, जास्तीत जास्त 6. त्यापुढे मुलाखत. मुलाखतीत कोणाचं वजन चालतं, हे या धाग्यावरच्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. माझ्या हातात काय आहे? पदवीचे गुण आता बदलणार नाहीत. तासिकेवर काढलेली वर्षं अनुभव म्हणून धरून घ्यायची तर वेगळंच भांडण. हे 6 गुण मात्र मी स्वतः मिळवू शकते, कोणाच्या पाया न पडता. तुम्ही निबंध काढून टाका म्हणता, तेव्हा ओळख नसलेल्या उमेदवाराच्या हातातलं मोजकं साधन काढून घेता.

आणि दुसरं. माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, समिती नेमली गेली. जिथे हे घडतं तिथलं महाविद्यालय अभ्यास करणार नाही तर कोण करणार? संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांचं काम, तालुक्याने फक्त गाईड वाचून दाखवावं, हा विचार मला पटत नाही आणि पटणारही नाही.

मिलिमीटर:

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात आहे. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. मोजणं चूक नाही, हिशोबाची रीत चूक आहे.

त्याच 2018 च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता काढून बघा. विज्ञान-अभियांत्रिकीत एका निबंधाला 8 गुण. भाषा, सामाजिक शास्त्रं, शिक्षणशास्त्र, वाणिज्य यांत 10. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. आता गणित करा. मी आणि माझा सहकारी, दोघांनी आपापला एकेक निबंध लिहिला तर प्रत्येकाला 8. त्याच दोन निबंधांवर दोघांची नावं टाकली तर प्रत्येकाला 5.6 अधिक 5.6, म्हणजे 11.2. काम तेवढंच, गुण 40 टक्के जास्त. नियमानेच नावं जोडायला शिकवलं, मग माणसांना दोष कशाला द्यायचा?

महाविद्यालयात प्राध्यापकपदावर बढती हवी तर किमान 10 निबंध आणि 110 संशोधन गुण लागतात. एकेकट्याने खरं संशोधन करून हे जमवायला आयुष्य जाईल. पण याचा अर्थ अट काढा असा होत नाही. वेल्डिंगमधल्या अवशिष्ट ताणावरचा माझा एक निबंध नियतकालिकाच्या परीक्षकाने दोनदा परत पाठवला. नमुन्यांची संख्या कमी आहे, मापन पुन्हा करा, असं लिहून. ती मोजमापं पुन्हा घेताना मी जे शिकलो ते आज तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. ही टोचणी नसती तर मी जुन्याच वह्यांवरून फळा भरत बसलो असतो. दहाऐवजी तीन निबंध मागा, पण ते वाचा.

नदीकाठ:

@मिलिमीटर, "पण ते वाचा" म्हणालात, सगळं तिथेच अडतं. कोण वाचणार? आज समितीच्या टेबलावर निबंध येतात ते पहिल्या पानाच्या झेरॉक्सच्या रूपात.

@तासिका, तुमचा राग मला समजतो. पण तुमचे ऊसतोडीवरचे निबंध आणि पैसे देऊन आठवड्यात छापून आणलेले निबंध यांना तक्ता सारखेच 2-2 गुण देतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो तीन निबंध एका महिन्यात जमवतो. म्हणजे हे साधन तुमच्यापेक्षा त्याच्याच उपयोगाचं आहे.

ग्रंथपाल:

आमच्या टेबलावर हा प्रश्न रोज येतो, म्हणून लिहितो.

आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली, मे 2018 मध्ये त्यातली 4,305 नियतकालिकं काढली, मग पुणे विद्यापीठात कक्ष उभा करून 2019 मध्ये केअर नावाची नवी यादी आणली. तिच्यात उणिवा होत्या. मराठीतलं एखादं नियतकालिक आत असायचं, तसंच दुसरं का नाही, याचं उत्तर मिळायचं नाही. यादीतल्या नियतकालिकाच्या नावाचं बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळणारेही निघाले. तरी शिक्षक विचारायला आला की दोन मिनिटांत हो किंवा नाही सांगता यायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. आता आयोगाचे सुचवलेले निकष आहेत आणि ठरवायचं संस्थेने.

संस्थेने म्हणजे कोणी? प्राचार्य माझ्याकडे बोट दाखवतात. अभियांत्रिकी, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या सगळ्यांच्या नियतकालिकांचा दर्जा एका ग्रंथपालाने ठरवायचा. मी संपादक मंडळातल्या लोकांच्या विद्यापीठांची पानं उघडून बघतो, तिथे या नियतकालिकाचा उल्लेख आहे का. आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव जुळतं का ते बघतो. जुने अंक खरोखर उघडतात का ते बघतो. एवढं करून "हे घेता येणार नाही" म्हटलं की वरिष्ठांचा फोन येतो. नियम सैल झाला की खालच्या माणसावरचा दाब वाढतो, हे कृपया लक्षात घ्या.

बालशाळा:

मी शिक्षणशास्त्राची. माझा धागाकर्त्यांना विरोध आहे, कारण शिक्षणातलं संशोधन वर्गापासून तोडता येत नाही. मुंबईच्या महापालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवायची. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथे त्याचा काटेकोर अभ्यास केला. निबंध 2007 मध्ये आला, मुलांच्या गुणांत चांगली वाढ दिसली, आणि 2019 मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना नोबेल मिळालं तेव्हा या प्रकारच्या कामाचा मोठा वाटा होता. आपल्या शाळांवरचं काम होतं ते. आपले बी.एड. महाविद्यालयांतले शिक्षक असे प्रश्न विचारायला का शिकू नयेत?

नदीकाठ:

बालशाळा ताई, उदाहरण उत्तम आहे, आणि ते माझ्याच बाजूने जातं. त्यात काही वर्षांचं काम होतं, निधी होता, मोठी संस्था पाठीशी होती, शाळांची परवानगी होती. आठवड्याचा कार्यभार, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कागदपत्रं आणि निवडणुकीची ड्युटी सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाकडून वर्षाला दोन निबंध मागितले की बालसखीसारखं काम होत नाही. पन्नास जणांना प्रश्नावली वाटली जाते, टक्केवारी काढली जाते, "अधिक संशोधनाची गरज आहे" लिहिलं जातं.

6 जानेवारी 2025 ला आयोगाने जो मसुदा काढला त्यात हा गुणांचा तक्ताच नाही. नऊ क्षेत्रांपैकी किमान चारांत 'उल्लेखनीय योगदान' दाखवायचं. भारतीय भाषेत शिकवणं, समाजाशी जोडलेलं काम, अभिनव अध्यापन, हे सगळं त्यात येतं. मला ही दिशा बरोबर वाटते.

तासिका:

आणि उल्लेखनीय कोणी म्हणायचं, सर? निवड समितीने! तक्ता कितीही वाईट असला तरी माहितीच्या अधिकारात मागता येतो. शेजारच्याला 61 आणि मला 64 असताना त्याला का बोलावलं, हे मी विचारू शकते. 'उल्लेखनीय' या शेऱ्यावर मी कोणत्या कोर्टात जाऊ?

मिलिमीटर:

हा मुद्दा वजनदार आहे. म्हणून माझी सूचना पुन्हा मांडतो. उमेदवाराने स्वतःचे उत्तम तीन निबंध निवडावेत, ते राज्याबाहेरच्या दोन विषयतज्ज्ञांकडे नाव झाकून जावेत, आणि त्यांचे लेखी अभिप्राय उमेदवाराला मिळावेत.

ग्रंथपाल:

नाव झाकून छापील निबंध? शीर्षक शोधलं की नाव सापडतं. पण लेखी अभिप्राय उमेदवाराच्या हातात द्यायची गोष्ट चांगली आहे. ती आजच्या नियमांतही करता येईल.

नदीकाठ:

लेखी अभिप्रायाला माझा पाठिंबा. निवडीच्या वेळी तासिका म्हणतात तसा पारदर्शक तक्ता राहावा, हेही मान्य. पण नोकरीत आल्यावर स्थाननिश्चितीसाठी निबंध नकोत, यावर मी ठाम आहे. तिथे विद्यार्थ्यांचं शिकणं बघा.

तासिका:

म्हणजे आत येईपर्यंत संशोधन करायचं आणि आत आल्यावर सोडून द्यायचं? ऊसतोडीची मुलं दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेतून जातात. त्यांची पुढची दहा वर्षं मला नोंदवायची आहेत, आणि त्या कामाचं मोल माझ्या बढतीत धरलं गेलं पाहिजे. यावर माझी तडजोड नाही.