बोटांचे ठसे, उजवा मेंदू आणि आमच्या लेकीचं गणित

हरिपूररोड:
गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका ‘मेंदू-क्षमता चाचणी’वाल्यांना साडेचार हजार रुपये मोजले. त्यांनी सातवीतल्या लेकीच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि चाळीस पानी रंगीत अहवाल दिला. मुलगी उजव्या मेंदूची, पाहून शिकणारी, सर्जनशील. गणिताचा कल कमी. पैसे गेले ते गेले. पण लेकीने तो अहवाल वाचला. आता अपूर्णांक अडले की वही मिटते आणि म्हणते, “बाबा, माझा मेंदूच त्या बाजूचा नाही.”

मग मी जरा वाचायला घेतलं (हे आधी करायचं असतं, माहीत आहे). रॉजर स्पेरींना १९८१ साली मेंदूच्या दोन गोलार्धांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण त्यांचे रुग्ण अपस्माराचे होते, आणि दोन्ही गोलार्धांना जोडणारा दुवा शस्त्रक्रियेने कापलेला होता. धडधाकट डोक्यात दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त जणांचे स्कॅन तपासले. हा डाव्या मेंदूचा, तो उजव्या, अशी माणसं सापडली नाहीत. ‘पाहून शिकणारा, ऐकून शिकणारा’ याचंही तेच. मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचे अभ्यास चाळले, तर ज्याच्या त्याच्या शैलीने शिकवल्यास जास्त येतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. ठशांवरून बुद्धी सांगणं तर हस्तसामुद्रिकच, फक्त स्पायरल बाइंडिंग केलेलं.

माझं मत: पोरांवर शिक्के मारू नका. शिकायची रीत सगळ्यांची एकच, सराव.

खडूफळा:
शेवटच्या वाक्याशी सपशेल असहमत. एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यातली सात जत तालुक्यात. चौथीत एक मुलगा होता. बाजारात आईच्या भाजीचा हिशोब तोंडी तोच करायचा. वहीत मात्र ‘घर’चं ‘रघ’, वेलांटी आज या बाजूला तर उद्या त्या. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, त्याला तोच शब्द वीस-वीस वेळा लिहायला लावला. तुमचा सराव! शेवटी तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. आवाज आणि अक्षर यांची सांगड घालतानाच त्याची गाडी अडत होती, आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, बोर्ड अशा मुलांना जादा वेळ देतं, ते उगाच नाही. खोटा शिक्का फाडलात, छान. पण सगळी पोरं एकसारखी, हाही शिक्काच.

हरिपूररोड:
‘एकच’ मागे घेतो. बाकी कायम.

पलूसचा_पोरगा:
सरावाला आधी शिकवणारा हवा ना? डिप्लोमा झाला, पुण्यात खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती. शेतीची लाईट रात्रीची. मोटर सुरू करून बांधावर बसायचं आणि मोबाईलवर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे फुकटचे व्हिडिओ कोर्स, लावायचं. आयआयटीच्या प्राध्यापकाला मी एका रात्रीत अकरा वेळा मागे घेतलंय. वर्गात कुणाची छाती आहे, “सर, अकराव्यांदा सांगा” म्हणायची?

भोपळा_मिरज:
पोरा, कौतुक आहे. पण सगळं असं येत नाही. आमच्याकडे तंबोरे-सतारी होतात. मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते वाचलं असेल. जवारीचं, म्हणजे सुराला गुंजन आणणाऱ्या घासकामाचं, सांगतो. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) माथा कानशीने इतका हलका उतरता घासायचा, की छेडलेली तार त्याला चाटत जाते आणि सूर गुंजायला लागतो. तारेखाली सुती दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. एक हात जास्त फिरला की आवाज फुटला. याचा व्हिडिओ मी स्वतः टाकलाय. तो बघून एकाने दोन घोड्या बाद केल्या आणि मलाच फोन केला. मला काकांनी शिकवलं म्हणजे काय, तर ते घासायचे, तार चढवायचे, विचारायचे, “लागली?” मी हो म्हटलं की न बोलता तार उतरवायचे. दीड वर्ष कानशीला हात लावू दिला नाही. तुझं चुकलं, हे मोबाईल सांगत नाही.

पलूसचा_पोरगा:
मी प्रोग्राम लिहायला शिकतोय. माझं चुकलेलं कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून चालवणारं सॉफ्टवेअर, सांगतो, तेही तोंडावर. तुमच्या घोडीला कंपायलर नाही, एवढाच फरक.

खडूफळा:
पण असे कितीजण शेवटपर्यंत टिकतात? एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या एमआयटी-हार्वर्डच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के.

पलूसचा_पोरगा:
बाई, त्याच अभ्यासात पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांचा आकडाही आहे, निम्म्याहून थोडा कमी. फुकट नाव घालणारा म्हणजे दुकानात डोकावून गेलेला माणूस. त्याला नापास कसं म्हणता?

गावभागातली_आजी:
आमच्या वेळी दिवेलागणीला परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. त्या पोरीला मेंदूची बाजू कशाला हवी, सातची दिडकी, म्हणजे सात दीड किती, ते विचारा. आणि ते सर्जनशील का काय, त्यालाही आधी पाहावं लागतं. विष्णुदास भावे यांनी १८४३ ला इथे सीतास्वयंवर नाटक उभं केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत होऊन गेल्यावर.

खडूफळा:
आजी, दिडकी पाठ असलेली आणि दीड म्हणजे किती ते चित्रात न दाखवता येणारी पोरं दर वर्षी माझ्या वर्गात येतात.

गावभागातली_आजी:
मग चित्र काढून घ्या की. पाठांतराने हात धरलाय का?

हरिपूररोड:
आजींचं मी मनावर घेतलं. पुस्तक वाचत बसण्यापेक्षा मिटून आठवलं तर जास्त दिवस राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलंय, परवचा त्यातलाच. आठवडाभर जेवताना लेकीला दिडकी विचारतोय. साडेदहा बरोबर येतं, साडेतेराला अडखळते. परवा तिला सरळ सांगितलं, तो अहवाल खोटा होता, विसर. गप्प बसली. मग म्हणाली, “त्यात मी सर्जनशील आहे असं लिहिलंय, तेपण खोटं?”

मला काही सुचलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?