आदोळीची जखम आणि लांबलेला रक्तस्राव

प्रश्न (म्हापसा): काल आदोळीवर (खवणी असलेल्या विळीवर) नारळ खवताना आईचे बोट कापले. हृदयविकारासाठी ती रोज ॲस्पिरिन घेते. म्हणूनच रक्त २० मिनिटे झिरपत राहिले का, आणि गोळी थांबवावी का?

उत्तर (फोंडा): शक्य आहे. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि हा परिणाम त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. त्यामुळे एक दिवस गोळी चुकवून काहीच साधत नाही. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती बंद करू नये. बोटापेक्षा पोटाकडे लक्ष असू द्या : शौचास डांबरासारखे काळे झाल्यास तो आतला रक्तस्राव असू शकतो.

उत्तर (मडगाव): जखमेवर दाबलेले फडके सारखे उचलून पाहिलेत का? तसे केल्यास धरू लागलेली गुठळी मोडते. सलग १० मिनिटे घट्ट दाबावे. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उसळले, तर ते धमनीचे; तेव्हा दाब न सोडता १०८ ला फोन करावा.

प्रश्नकर्ती: चारदा उचलले होते, खरे आहे.