प्रश्न विचारला की असहिष्णू?

वर एकांनी लिहिलंय की देवस्थानाच्या कारभाराबद्दल विचारणं हीच असहिष्णुता. नाही पटलं. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मांढरदेव कसं विसरणार? २५ जानेवारी २००५, काळूबाईची यात्रा, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, त्यात दुकानांना आग अन् सिलिंडर फुटले, अडीचशेच्या वर माणसं गेली. सगळी भाविकच ना ती? मग सरकारने कोचर आयोग नेमला, त्याने गर्दी, वाटा, दुकानं, बंदोबस्त सगळ्याची चौकशी केली, तर ती काय देवीची विटंबना झाली का? उलट हेच प्रश्न आधी कोणी रेटून धरले असते तर, असं अजून वाटतं.

आणि 'फक्त आमच्याच देवळांना का विचारता' याचं म्हणाल तर विचारा की सगळ्यांना, कोण अडवतंय. १९५० च्या विश्वस्त कायद्याने ट्रस्टला दरवर्षी हिशेब ऑडिट करून घ्यावाच लागतो, मशिदी-दर्ग्यांच्या मिळकतींना वक्फचा कायदा आहे. पेटीत पैसे टाकणाऱ्याने पावती मागितली तर विश्वस्तांच्या कपाळाला आठ्या का पडाव्यात (पडतात, बघितल्यात).

हां, कुणाच्या घरातल्या देव्हाऱ्यावरून टिंगल करणं, उपास करणाऱ्या आजीला अडाणी म्हणणं हे मलाही खटकतं, आपल्या प्रश्न विचारणाऱ्यांतले काही जण ते करतात. पण अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, आयुष्यभर देव मानणाऱ्यांशी बोलत राहिले, अन् २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. आता यात असहिष्णू कोण ते तुम्हीच सांगा राव.