डॅनियलशिवाय ही कथा उभी राहत नाही

‘द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही’ या १९८६च्या अ‍ॅनिमेशनपटात माणसांची पात्रे अनावश्यक आहेत, हे मत मला मान्य नाही. नवी खेळणी विकता यावीत म्हणून ऑटोबॉट्स या चांगल्या यंत्रमानवांचा नेता ऑप्टिमस प्राइम याला सुरुवातीच्या भागातच मारले गेले, हे खरे. परंतु त्याच्याजवळ रडणाऱ्या डॅनियल या छोट्या मानवी मुलामुळेच तो मृत्यू यंत्राचा बिघाड न वाटता घरातले कर्ते माणूस गेल्यासारखा वाटतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल जिवापाड सजवणाऱ्या आमच्या वर्ध्याकडच्या खेड्यातील मुलांना तो प्रसंग समजावून सांगावा लागला नाही. शिवाय, युनिक्रॉन या ग्रह गिळणाऱ्या महाकाय यंत्राच्या पोटातील आम्लकुंडात पडू पाहणाऱ्या स्पाइकला, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, आणि बम्बलबीसारख्या ऑटोबॉट्सना अखेर डॅनियलच वाचवतो.