'बंद पडली' की 'बंद केली'? सॉकेटच्या माहितीतलं एक वाक्य

वेलांटी
नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासतेय. बारीकसारीक चुका काढायच्या, एवढंच काम. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्कशी जोडायचं टोक, आणि रिसीव्ह म्हणजे त्यातून आलेला डेटा वाचणारं फंक्शन. त्याबद्दलच्या एका वाक्यावर अडलेय: 'रिसीव्हने शून्य परत दिलं, तर जोडणी बंद पडली असं समजा.' मी 'पडली' खोडून 'पलीकडच्याने बंद केली' असं केलं. अनुवादकाने ते पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि शेरा लिहिला, 'अर्थ तोच आहे.' मला तो तोच वाटत नाही. घड्याळ बंद पडतं, दिवा आपण बंद करतो. माझं काही चुकतंय का?

रफार
अजिबात नाही. टीसीपीत, म्हणजे आधी जोडणी करून मग डेटा पाठवायच्या पद्धतीत, या दोन वेगळ्या घटना आहेत. पलीकडच्याने आपलं पाठवणं संपवून तसा फिन हा संदेश धाडला, की रिसीव्ह शून्य देतं. रीसेट, म्हणजे जोडणी एकदम तोडणारा संदेश, आला तर उणे एक मिळतं, सोबत एररचा क्रमांक. 'बंद पडली' शोभेल तर तिथे.
या एका शब्दापायी माझे दोन दिवस गेलेत. नवखा होतो, अशाच एका मजकुरात शून्य म्हणजे 'जोडणी निकामी' असं वाचलं आणि शून्य आलं की नव्याने जोडणी करायची, असा कोड लिहिला. सर्व्हर फाइल पूर्ण पाठवून शिस्तीत जोडणी बंद करायचा, माझा प्रोग्रॅम ती तुटली समजून तीच फाइल पुन्हा मागायचा. डिस्क भरेपर्यंत तीच फाइल येत राहिली.

अर्धचंद्र
माझ्या मते 'बंद केली' हेही पूर्ण खरं नाही. फिनचा अर्थ 'माझं पाठवून झालं' इतकाच. समोरच्याने शटडाऊन हे फंक्शन वापरून फक्त लिहिण्याची बाजू बंद केली असेल, तर आपण पाठवलेलं तो अजून वाचू शकतो. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत तर रिकामा डेटाग्रॅम, म्हणजे सुटा संदेश, आला तरी शून्यच मिळतं, आणि तिथे बंद करायला जोडणीच नसते. 'पलीकडून आता काही येणार नाही' असं लिहा, आणि हे टीसीपीपुरतं आहे हेही लिहा.

दंड
मुळात 'बंद' हवाच कशाला? फारसी शब्द. 'जोडणी मिटली' म्हणा. डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, यात आपणहून मिटणं आलंच. सॉकेटलाही 'खोबण' हा नेमका शब्द आहे. माझे वडील सुतारकाम करायचे. एक तुकडा दुसऱ्याच्या खोबणीत घट्ट बसला की ते हाताने हलवून बघायचे आणि मगच पुढच्या कामाला लागायचे. सॉकेट म्हणजे दुसरं काय?

रफार
भांडणही मिटतं, दंड. 'जोडणी मिटली' वाचून माझ्या डोळ्यांपुढे तडजोड येते. आणि फारसी 'बंद' व संस्कृत 'बंध' एकाच मुळातून आलेत, परका कोणाला म्हणायचं? 'खोबण' सुंदर आहे, पण शिकणाऱ्याला कोडमध्ये सॉकेटच टाइप करायचं असतं. त्याला दोन-दोन नावं पाठ करायला लावू नका.

अर्धचंद्र
शुद्ध शब्दाच्या शोधात मी पोर्टचं, म्हणजे यंत्रावरचा डेटा कुठल्या प्रोग्रॅमकडे जायचा ते सांगणाऱ्या क्रमांकाचं, 'बंदर' झालेलं पाहिलंय, 'बंदर क्रमांक ८०'! लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्टा' म्हणजे दार. इथे दार अभिप्रेत आहे, म्हणून 'द्वार' मला चालेल. ० ते ६५५३५ क्रमांकांची दारं, असं शिकवलं की लगेच कळतं.

वेलांटी
शब्द कुठले घ्यायचे ते बघूच, पण आणखी एक चूक दाखवते. 'रिसीव्ह १०२४ बाइट वाचतं' असं छापलंय. मूळ वाक्यातलं 'जास्तीत जास्त' गळलंय. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे. एका दमात पाठवलेले १००० बाइट इकडे आधी ३०० आणि मग ७०० असे येऊ शकतात. हे दोन शब्द नसले, तर वाचणारा एकदाच वाचून थांबणार. ही दुरुस्तीही 'वाक्य लांबतं' म्हणून परत आली.

रफार
ही मात्र सोडू नका. चूक वेळेवर काढली नाही की ती घर करते. वेबपानं मागवायच्या एचटीटीपी या पद्धतीत, आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणाऱ्या 'रेफरर' या हेडरचं इंग्रजी स्पेलिंग एका 'आर'ने चुकलं. १९९६च्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात ते तसंच आलं आणि ब्राउझर आजही तेच पाठवतात. आता दुरुस्त करायला गेलं तर चालू असलेलं मोडेल.

अर्धचंद्र
वेलांटी, तुमच्या पुस्तिकेत 'सॉकेट उघडला' आहे की 'उघडलं'? आम्ही कामावर 'तो सॉकेट' म्हणतो.

वेलांटी
एकाच पानावर दोन्ही आहेत. मी सगळीकडे 'उघडलं' करत होते. पण आधी सांगा, शून्याच्या वाक्यात शेवटी काय ठेवू?

रफार
'ते सॉकेट'च. पाकीट, तिकीट यांच्या रांगेत बसतं.

दंड
बुलेट, रॉकेट यांचं काय? 'ती बुलेट' आणि 'ते रॉकेट' म्हणतोच ना आपण. शेवटच्या अक्षरावरून लिंग ठरत नाही. 'खोबण' घेतलीत तर ती स्त्रीलिंगी, तिथे दुमत नाही.