प्रतिसाद: युगारितिक की अक्कादी?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की मातीच्या फळीवर खिळ्यांसारखी अक्षरं दिसली की ती अक्कादी (प्राचीन मेसोपोटेमियातली भाषा). सरसकट तसं नाही. सीरियातल्या रास शामराला (प्राचीन युगारित) १९२९ पासून सापडलेल्या बऱ्याच फळ्यांवर तिथल्या युगारितिक भाषेची ३० चिन्हांची वर्णमाला आहे. अक्कादीत चिन्हं शेकड्यांनी, बहुतेक अक्षरावयवांची (म्हणजे एकेका उच्चारखंडाची, सिलॅबलची). त्यामुळे आधी वेगवेगळी चिन्हं मोजा. तिशीतच आटोपली आणि शब्दांमध्ये बारीक उभा खिळा असेल, तर युगारितिक धरून चाला.

चकवा इथेच बसतो. मोठा एकटा उभा खिळा म्हणजे ग, दोन म्हणजे त्साडे (जोरकस 'स'), तीन म्हणजे ल. आडवे एक, दोन, तीन असतील तर अनुक्रमे त, अलेफ-अ (अलेफ म्हणजे घशात अडवून सोडलेल्या ध्वनीचं व्यंजन), न. फळीचा टवका उडून एक खिळा गेला की न चा अलेफ होतो, आणि ग उथळ उमटला तर शब्दविभाजक वाटतो. शंका आली की त्याच लेखकाच्या हातच्या दुसऱ्या ओळीतल्या खिळ्याशी उंची ताडून बघा, फोटोवर भिस्त नको.

स्वर फक्त अलेफपाशी कळतो: अ, इ, उ असे तीन अलेफ. त्यातही स्वर नसलेल्या अलेफला बहुधा इ-अलेफच वापरतात, म्हणून तिथे डोळे झाकून 'इ' वाचू नका.