घरटी वाहने: जनगणनेचा आकडा खरा की नोंदणीचा?

मुळाकाठ:
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी, पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतली वाहने पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, यावर मी लेख लिहीत आहे. जनगणनेनुसार देशात दुचाकी असलेली कुटुंबे २००१ मध्ये ११.७ टक्के होती, ती २०११ मध्ये २१ टक्के झाली. मोटार असलेली २.५ वरून ४.७ टक्क्यांवर गेली. दुसरीकडे, पुण्यातील नोंदणीकृत वाहने लोकसंख्येपेक्षा अधिक झाल्याचे २०१८ मध्ये वृत्तपत्रांत छापून आले. या दोहोंचा मेळ कसा घालावा, आणि २००१ पूर्वीच्या काळासाठी कशाचा आधार घ्यावा?

त्रैराशिक:
परिवहन कार्यालयाची नोंद साचत जाते. खासगी वाहनाचा कर महाराष्ट्रात एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे गाडी भंगारात गेली तरी नोंदणी रद्द करून घेण्यासाठी मालक सहसा हेलपाटा घालत नाही. शिवाय रिक्षा, टेम्पो आणि कंपन्यांच्या गाड्याही त्याच बेरजेत असतात. जनगणना प्रत्यक्ष घरी येऊन विचारते खरी, पण विचारते एवढेच की वाहन आहे की नाही. एकच स्कूटर असलेले घर आणि माणशी एक दुचाकी असलेले घर तिच्या तक्त्यात सारखेच ठरते, आणि स्कूटर, मोटारसायकल व मोपेड एकाच रकान्यात बसतात. माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा नेमका इथेच निसटतो, कारण शहरी मध्यमवर्गात गेल्या तीस वर्षांत झालेला मोठा बदल पहिल्या वाहनाचा नसून दुसऱ्या-तिसऱ्याचा आहे. मालमत्तेविषयीचे हे प्रश्न २००१ मध्येच प्रथम विचारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी जनगणनेत काही शोधू नये.

किकमारे:
१९७० आणि १९८० च्या दशकांतील आकडे मिळाले तरी ते जपूनच वाचावेत, कारण त्या काळी घरात वाहन नसणे म्हणजे ऐपत नसणे असे सरसकट म्हणता येत नाही. उत्पादनावर परवान्यांची मर्यादा होती. १९७२ मध्ये आलेल्या चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, आणि वापरलेली स्कूटर नव्याच्या किमतीहून महाग विकली जाई. (आजच्या पिढीला हे सांगितले तर थट्टा वाटते.) ज्यांना ते जमत नव्हते त्यांच्यासाठी त्याच सुमारास लुना आली. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आणि १९८४ मध्ये गिअरविरहित, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. यांतली दुसरी घटना मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण लाथ मारून सुरू करायची जड स्कूटर बहुधा घरातल्या पुरुषाच्याच ताब्यात असे, आणि पुढे २००१ च्या ॲक्टिव्हाने ती मक्तेदारी पुरती मोडली.

दोन चाके:
सायकलीला वगळू नका. २००१ ते २०११ या काळात सायकल असलेली शहरी कुटुंबे ४६ वरून ४१.९ टक्क्यांवर आली, तर ग्रामीण भागात प्रमाण ४२.८ वरून ४६.२ टक्के झाले. देशाच्या सरासरीत ही विरुद्ध चाल दिसतच नाही.

मुळाकाठ:
सर्वांचे आभार. मग एका घरात वाहने किती, हे आमच्यासारख्या ठिकाणी कळावे तरी कसे?

त्रैराशिक:
संस्थेच्या दप्तरात वाहनतळाची नोंदवही आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते असतील. सदनिकेनुसार वाहनांचे क्रमांक आणि जागेवरून झालेले ठराव त्यांत सापडतील. मंजूर नकाशात किती गाड्यांसाठी जागा दाखवली होती, तेही सोबत पाहा. जुन्या सभासदांना मात्र वाहन कधी घेतले एवढेच विचारू नका. ते घरात कोण चालवत असे, हेही विचारा.